अलिंद अतिस्पंदन : उगमस्थानाचा शोध

अलिंद अतिस्पंदन : हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांतील, म्हणजे अलिंदांतील, स्नायूंत नेहमीच्या जागेऐवजी भलत्याच ठिकाणी विद्युत् स्पंद उमटू लागले, की ठोके जलद पडू लागतात. या विकाराला अलिंद अतिस्पंदन किंवा एट्रियल टॅकिकार्डिया म्हणतात. त्यात अलिंदाचा वेग साधारणपणे मिनिटाला १०० ते २५० असतो. छातीत धडधड, धाप, घेरी ही त्याची नेहमीची लक्षणे. औषधांनी वेग आटोक्यात ठेवता येतो. विकार समूळ घालवायचा तर तो नेमका कोठून उठतो ते शोधावे लागते. ही जागा बहुधा काही मिलिमीटरचीच असते.

उगमाच्या ठरावीक जागा : निरोगी हृदयाचा ठोका उजव्या अलिंदाच्या वरच्या भागातील एसए नोडमधून निघतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ मध्ये या गाठीचे वर्णन केले. विकृत केंद्रेही अलिंदात कोठेही विखुरलेली नसतात. उजव्या अलिंदात क्रिस्टा टर्मिनॅलिस हा स्नायूचा उभा कंगोरा, त्रिदली झडपेची कड आणि कोरोनरी सायनसचे मुख या त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत. डाव्या अलिंदात फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांची मुखे आणि द्विदली झडपेची कड. फ्रान्समधील बोर्दो येथे मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांत अलिंद-कंपनाला (एट्रियल फिब्रिलेशनला) चेतवणारी ६९ केंद्रे शोधली. त्यांपैकी ६५ फुप्फुसशिरांत निघाली. या निष्कर्षाने अलिंद-कंपनाच्या उपचाराची दिशा बदलली.

ईसीजीवरून अंदाज : अलिंदातून जाणारी विद्युत् लाट ईसीजीत, म्हणजे हृदयाच्या विद्युत् आलेखात, ‘पी’ तरंग म्हणून उमटते. लाट ज्या लीडकडे येते तेथे तरंग वर जातो, ज्याच्यापासून दूर जाते तेथे खाली. व्ही१ हा लीड छातीच्या मध्यास्थीच्या उजव्या बाजूला, चौथ्या बरगडीखालच्या फटीत लावतात. डावे अलिंद पाठीच्या बाजूला असल्यामुळे तेथून निघालेली लाट व्ही१कडे येते आणि तरंग वर उठतो. उजव्या अलिंदाच्या बाहेरच्या भिंतीतून निघालेली लाट त्याच्यापासून दूर जाते, म्हणून तेथे तरंग खाली वळतो. हृदयाकडे खालून पाहणाऱ्या दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये तरंग वर असेल तर उगम अलिंदाच्या वरच्या भागात, खाली असेल तर खालच्या भागात. मेलबर्न येथील पीटर किस्लर, जोनाथन कालमन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा खुणांची पायरीपायरीने जाणारी पद्धत प्रसिद्ध केली.

काही जागा मात्र चकवतात. उजवी वरची फुप्फुसशिरा क्रिस्टाच्या वरच्या टोकाच्या अगदी मागे असते, म्हणून दोन्ही ठिकाणचे पी तरंग सारखे दिसू शकतात. अशा वेळी रुग्णाचा नेहमीच्या ठोक्यांतला ईसीजी शेजारी ठेवून पाहतात. नेहमीच्या ठोक्यांत व्ही१मध्ये वर-खाली असणारा तरंग जलद ठोक्यांत पूर्णपणे वर झाला असेल, तर संशय शिरेवर जातो. पी तरंग आधीच्या ठोक्याच्या टी तरंगात बुडालेला असेल तर ॲडेनोसीन शिरेतून झटकन देतात. त्याने अलिंद व निलय (हृदयाचे खालचे कप्पे) यांमधील वहन काही क्षण थांबते, निलयाचे ठोके बंद पडतात आणि कागदावर पी तरंग उघडे दिसतात.

हृदयाच्या आतील मापन : नेमकी जागा मात्र हृदयात शिरूनच सापडते. जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी उजव्या अलिंदात नेतात. डाव्या अलिंदात जायचे तर दोन अलिंदांमधला पडदा सुईने भेदतात. जेथील विद्युत् संकेत पी तरंगाच्या आधी, साधारणपणे २० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक, सर्वांत लवकर उमटतो ती जागा उगमाची मानतात. कॅथेटरच्या एकाच टोकावरून घेतलेल्या आलेखात सुरुवातीला लहानसा उंचवटा दिसला, तर लाट दुसरीकडून येथे पोहोचली आहे असे समजून पुढे शोधतात. आलेख सुरुवातीपासूनच खाली जात असेल तर लाट येथूनच निघते. भूल किंवा गुंगीच्या औषधाने विकार दबला तर आयसोप्रिनालीन देऊन तो पुन्हा जागवतात.

इस्राएलमधील श्लोमो बेन-हैम, लिओर गेपस्टाइन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये चुंबकीय क्षेत्राच्या साह्याने कॅथेटरचे स्थान टिपणारी त्रिमितीय नकाशापद्धती मांडली. तिच्यात सर्वांत आधी चेतणारा भाग लाल आणि शेवटचा जांभळा दाखवण्याचा प्रघात आहे. एकाच लाल ठिपक्यातून रंग चहूकडे पसरत असतील तर विकार केंद्रजन्य असतो. लाल आणि जांभळा भाग एकमेकांना भिडले तर लाट वर्तुळात फिरत असण्याची शक्यता असते. अलिंद फडफडीत (एट्रियल फ्लटर) ती बहुधा त्रिदली झडपेभोवती फिरते. तेथे एक ठिपका न जाळता तिची वाट अडवणारी रेघ ओढतात.

उपचार आणि धोके : सापडलेली जागा रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात, ऊती सुमारे ५० अंश सेल्सिअसला कायमची निकामी होते. क्रिस्टाजवळ जाळण्यापूर्वी कॅथेटरच्या टोकातून जोरदार स्पंद देऊन पाहतात. रुग्णाचे श्वासपटल उडाले तर तेथून फ्रेनिक मज्जातंतू जातो आहे असे समजून ती जागा टाळतात. अलिंदातून निलयाकडे स्पंद नेणाऱ्या हिस तंतुजुडग्याजवळचे केंद्र जाळताना वहन कायमचे तुटण्याचा धोका असतो; अशी काही केंद्रे महाधमनीच्या झडपेच्या खोबणीतून अधिक सुरक्षितपणे जाळता येतात.

महत्त्व : विकार आठवडे-महिने सतत चालू राहिला तर हृदयाचे स्नायू दुबळे होऊ शकतात, केंद्र नष्ट केल्यावर त्यांची शक्ती पुष्कळदा परत येते. म्हणून ‘धडधड मनाची आहे’ असे म्हणून रुग्णाला परत पाठवणे घातक ठरू शकते. धडधड चालू असतानाच काढलेला बारा लीडचा ईसीजी हा या शोधातला सर्वांत स्वस्त आणि मोलाचा पुरावा आहे. मॉनिटरवरच्या एका लीडच्या पट्टीवरून वेग कळतो, उगमाची बाजू कळत नाही. म्हणून ठोके औषधाने थांबवण्याआधी, रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर, हा ईसीजी काढून ठेवणे आवश्यक असते.