पन्हाळगड ते पावनखिंड: ही वाट भर पावसातच का चालतात?

दरवर्षी जुलै महिना आला की सोशल मीडियावर धुक्यात हरवलेल्या पठाराचे आणि चिखलाने माखलेल्या बुटांचे फोटो दिसू लागतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळगडापासून पावनखिंडीपर्यंतची ही पदभ्रमंती साधारण ५० ते ५५ किलोमीटरची आहे. बहुतेक गट ती दोन दिवसांत पूर्ण करतात. पण एवढ्या लांबच्या वाटेसाठी ऐन पावसाळाच का निवडला जातो?

जुलैचं कारण

१६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता आणि शिवाजी महाराज गडावर अडकले होते. वेढा सुमारे चार महिने चालला. पावसाळा सुरू झाला तरी सिद्दी हटला नाही. शेवटी शरणागतीची बोलणी लावून पहारा ढिला करण्यात आला आणि १२ जुलैच्या रात्री महाराज निवडक मावळ्यांसह गडाबाहेर पडले. ती आषाढी पौर्णिमा होती.

दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद होते. ते पकडले गेले आणि मारले गेले. पाठलाग सुरू झाला, तेव्हा बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळ्यांनी घोडखिंडीत शत्रूला अडवलं. महाराज विशाळगडावर पोचले, बाजीप्रभू खिंडीत धारातीर्थी पडले. हीच घोडखिंड पुढे पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच दिवसांत, त्याच हवामानात चालायचं, म्हणून ही मोहीम जुलैत निघते.

वाट कशी आहे?

पन्हाळ्यावरून उतरलं की तुरुकवाडी, म्हाळुंगे करत मसाई पठारावर चढायचं. हे जांभ्या दगडाचं लांबलचक सपाट पठार आहे. इथे आडोसा जवळपास नाहीच. वारा थेट अंगावर येतो आणि धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. चढ सोपा असला तरी वाट चुकण्याचा धोका इथे मोठा आहे.

पठारावरून खाली उतरल्यावर कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी अशा वाड्या लागतात. भातखाचरं, ओढे, जंगल आणि पुन्हा खाचरं, असा हा टप्पा आहे. काही भाग आता डांबरी रस्त्यावरून जातो. शेवटी पांढरपाणी आणि मग पावनखिंड. कासारी नदीचा उगम याच परिसरात आहे, त्यामुळे पावसाळ्यात खिंडीतून पाणी जोरात वाहत असतं.

आणखी एक गोष्ट चालताना जाणवते. वाट पश्चिमेकडे, म्हणजे सह्याद्रीच्या मुख्य कण्याकडे जाते. समुद्रावरून येणारे ढग आधी तिथेच रिते होतात. त्यामुळे पाय थकत जातात तसा पाऊस वाढत जातो.

धोका कशाचा?

पहिला धोका ओढ्यांचा. डोंगरातला ओढा पाहता पाहता चढतो आणि पाऊस थांबला की बऱ्याचदा तसाच उतरतो. पाणी गढूळ, वेगवान आणि गुडघ्याच्या वर असेल, तर थांबणं हाच शहाणपणा.

दुसरा धोका थंडीचा. भिजलेले कपडे आणि पठारावरचा वारा यांमुळे शरीरातली उष्णता झपाट्याने कमी होते. जीन्स लवकर वाळत नाही, म्हणून हलके आणि पटकन वाळणारे कपडे बरे. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला हवाच. जंगलात जळवा लागतात, त्यासाठी अनेक जण मीठ जवळ ठेवतात. मोबाईलला सगळीकडे रेंज मिळेल असं धरून चालू नये. वाट माहीत असलेला माणूस सोबत असावा.

तिसरी गोष्ट धोक्याची नाही, जबाबदारीची आहे. याच दिवसांत भाताची लावण सुरू असते. चिखल टाळण्यासाठी शेकडो माणसं बांधावरून गेली की बांध ढासळतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि नुकतं लावलेलं रोप तुडवलं जातं. नुकसान त्या वाडीतल्या शेतकऱ्याचं होतं. मळलेली पायवाट सोडू नये, ती चिखलाची असली तरी.

चालल्यावर काय कळतं?

त्या रात्री पौर्णिमा होती, पण आषाढातल्या ढगांत चंद्राचा उजेड किती मिळणार? पावसाने पळणाऱ्यांना आडोसा दिला आणि त्याच पावसाने त्यांची वाट निसरडी केली. आज दिवसाउजेडी, चांगले बूट घालून, मध्ये मुक्काम करून खिंडीपर्यंत पोचायला दोन दिवस लागतात. मावळ्यांनी हे अंतर एक रात्र आणि दुसरा दिवस एवढ्यात कापलं, खांद्यावर पालखी घेऊन. आणि त्यांतल्या अनेकांना खिंडीत पोचल्यावर विसावा मिळाला नाही, तिथून पुढे लढाई सुरू झाली.