अँटिऑक्सिडंटचा इतिहास: परीक्षानळीत पास, माणसात नापास

"डॉक्टर, हा अर्क सुरू करू का? भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत म्हणे!" दवाखान्यात हा प्रश्न वारंवार येतो. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास सांगतो.

आपल्या पेशी ऑक्सिजन वापरतात, तेव्हा 'फ्री रॅडिकल' नावाचे अस्थिर कण तयार होतात. या कणांमुळे पेशींची झीज होते आणि म्हातारपण येते, अशी कल्पना 1956 मध्ये अमेरिकेतील डेनहॅम हारमन यांनी मांडली. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट.

1958 मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी हा गुण मोजण्याची एक सोपी चाचणी दिली. डीपीपीएच नावाच्या रसायनाचे द्रावण जांभळे असते. त्यात अँटिऑक्सिडंट घातले की रंग उडून ते पिवळसर होते. चाचणी स्वस्त आणि झटपट. आवळा, तुळस, हळद, चहा अशा अनेक वनस्पतींचे अर्क तिच्यात उत्तीर्ण होतात, कारण त्यांत पॉलिफेनॉल ही रसायने असतात. पण नळीत रंग बदलणे वेगळे आणि माणसाचा आजार टळणे वेगळे.

हा फरक कळला तो बीटा कॅरोटीनमुळे. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांत असणारे हे रंगद्रव्य प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंटचे काम करते. भाज्या-फळे जास्त खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसत होता. मग त्यातले बीटा कॅरोटीन गोळीतून दिले तर?

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर हे तपासले गेले. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन मिळाले, काहींना औषध नसलेली तशीच गोळी. 1994 मध्ये निकाल आला आणि सगळे चकित झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त आढळला! अमेरिकेत 18,314 जणांवर असाच अभ्यास चालू होता. त्यात धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संपर्क आलेले लोक होते. बीटा कॅरोटीनबरोबर त्यांना अ जीवनसत्त्वही दिले जाई. तिथे वाढ 28 टक्के दिसली, मृत्यूही वाढले. जानेवारी 1996 मध्ये गोळ्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या.

असे का झाले असावे? गाजरात बीटा कॅरोटीन एकटे नसते, आणि गोळीतला डोस नेहमीच्या आहाराच्या कितीतरी पट असतो. धुराने पोळलेल्या फुप्फुसात त्याचे विघटन होऊन घातक पदार्थ बनत असावेत. शिवाय फ्री रॅडिकल हे निव्वळ शत्रू नव्हेत. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात.

2012 मध्ये अमेरिकेच्या कृषी विभागाने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट आकड्यांचा तक्ता संकेतस्थळावरून काढून टाकला. नळीतल्या त्या आकड्यांवरून शरीरातला परिणाम सांगता येत नाही आणि जाहिरातींत त्यांचा गैरवापर होतो, हे त्याचे कारण.

म्हणून माझे उत्तर असे:

- गाजर, आवळा, पालेभाज्या जरूर खा. नुकसान गोळ्यांनी झाले, भाजीने नव्हे.
- विडी-सिगारेट ओढत असाल किंवा नुकतीच सोडली असेल, तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेऊ नका.
- कोणताही अर्क घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. विशेषतः रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल तेव्हा लपवू नका.

आणि डब्यावर 'अँटिऑक्सिडंट' दिसले, तर एकच प्रश्न विचारा: हे नळीत तपासले, की माणसांत?