सातपुड्याच्या पायथ्याची सेवामंडळे

सातपुड्याचे पठार संपून नागपूरचे मैदान जेथे सुरू होते, तेथे सौंसर वसले आहे. छिंदवाडा जिल्ह्याच्या जुन्या दप्तरांत पठारावरील भागास बालाघाट व घाटाखालील भागास झेरघाट म्हटलेले आढळते. झेरघाटचे कापूस, संत्री आणि बोली ही तिन्ही नागपूर-वऱ्हाडच्या वळणाची होत. देवगडच्या गोंड राजांकडून अठराव्या शतकात हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला व 1854 साली इंग्रजांनी तो खालसा केला. परंतु राज्यकर्ते पालटले तरी सौंसरच्या माणसाची कचेरी, बाजार आणि सोयरिक यांची वाट एकाच दिशेने, म्हणजे नागपूरकडे, जात राहिली.

दिनांक 1 नोव्हेंबर 1956 रोजी या वाटेवर राज्याची सीमा आली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याची राजधानी नागपूरऐवजी भोपाळ झाली. विभागणी जिल्हावार झाल्यामुळे एका तहसिलीच्या भाषेचे वजन त्या तराजूत पडणे कठीणच होते. लेकी दिलेल्या होत्या काटोल-सावनेरला आणि सरकारी कागद येऊ लागला हिंदीत, अशी त्या पिढीची स्थिती झाली.

अशा काळी जुना संबंध टिकवून धरणाऱ्या संस्थांत श्रीगुरुदेव सेवामंडळाची गणना अवश्य करावी लागेल. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे 1909 साली जन्मलेले माणिक बंडोजी इंगळे, म्हणजेच राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यांनी 1935 साली सालबर्डी येथे महायज्ञ केला व त्याच वर्षी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम उभारला. सालबर्डी हे गाव आज दोन राज्यांच्या सीमेवरच आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथून विदर्भाच्या आणि लगतच्या मराठी मुलखाच्या खेड्यापाड्यांतून मंडळाच्या शाखा पसरल्या. सौंसर-पांढुर्णा भागही त्यात आला.

शाखा काढण्यास फारसे भांडवल लागत नसे. एखादा ओटा, एक खंजिरी आणि नित्य येणारी चार माणसे एवढ्यावर आरंभ होई. पहाटे सामुदायिक ध्यान, मग हाती खराटा घेऊन ग्रामसफाई, वेळप्रसंगी रस्ता वा विहीर यांसाठी श्रमदान, आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, असा दिनक्रम. प्रार्थनेत समोर एक रिकामे आसन मांडलेले असते. त्यासमोर पाटील, मजूर आणि शाळकरी पोर एकाच रांगेत बसतात. गोमंतकीय वाचकास येथे एक भेद जाणवेल. आपल्याकडे महाजनपण जन्माने येते, आणि पोर्तुगीज अमदानीतील 1933 च्या देवस्थान-नियमावलीने त्याची रीतसर नोंदही ठेवावयास लावली. सेवामंडळाचा सेवक हा आपल्या पायांनी चालत येऊन सेवक होतो. तो यावयाचा थांबला की कोणतीही नोंदवही त्यास सेवक ठेवू शकत नाही. सेवामंडळाचे बळ यात आहे आणि दुर्बलताही यातच आहे. महाजनसंस्था ओस पडली तरी कागदावर उरते. प्रार्थनेची रांग मात्र रोज नव्याने भरावी लागते.

महाराजांची ग्रामगीता 1955 सालची, म्हणजे प्रांत विभागला जाण्याच्या अगदी आदल्या वर्षीची. एकेचाळीस अध्यायांचा हा ओवीबद्ध मराठी ग्रंथ गावात मोठ्याने वाचला जाऊ लागला. ज्या मुलखात राज्यकारभाराची भाषा हिंदी झाली, तेथे अशा वाचनाचे मोल शाळेतील एखाद्या इयत्तेहून कमी मानता येणार नाही. महाराज स्वतः हिंदीतही भजने रचीत, त्यामुळे शेजारच्या हिंदी भाषिकासही प्रार्थनेची रांग परकी वाटण्याचे कारण राहिले नाही.

महाराजांचे देहावसान 11 ऑक्टोबर 1968 रोजी सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी झाले. मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात त्याच मिनिटास मौन श्रद्धांजली वाहिली जाते आणि मध्य प्रदेशातूनही माणसे त्यासाठी जातात. नागपूर-छिंदवाडा ही सौंसरवरून जाणारी अरुंद मापाची आगगाडी 2015 साली बंद होऊन तो मार्ग रुंद मापाचा झाला. 2023 साली पांढुर्णा व सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मोझरीस निघणाऱ्या सेवकास राज्याची सीमा मात्र अजूनही ओलांडावीच लागते.