संगणक-कौशल्य मूल्यमापन, कर्मचाऱ्यांचे

कर्मचाऱ्याला त्याच्या कामापुरता संगणक किती वापरता येतो, तो कोठे अडतो आणि ती अडचण प्रशिक्षणाने दूर होईल का, हे ठरवण्याची पद्धत. मनुष्यबळ-व्यवस्थापनात प्रशिक्षणाच्या गरजांच्या विश्लेषणात तिचा समावेश होतो. संस्था, काम आणि व्यक्ती अशा तीन पातळ्यांवर ही गरज तपासावी, अशी मांडणी विल्यम मॅकगेही आणि पॉल थेअर यांनी १९६१ मध्ये केली. संगणकाच्या बाबतीत यांतील कामाची पातळी सर्वांत मोलाची, आणि बहुतेक कार्यालयांत तीच वगळली जाते. आवक-जावक सांभाळणारा लिपिक, वेतनदेयके करणारा लेखापाल आणि ई-फेरफार प्रणालीत नोंद घेणारा तलाठी या तिघांना संगणकावर करायची कामे वेगळी असतात. एकच प्रश्नपत्रिका तिघांना लावून काहीच कळत नाही.

सर्वांसाठी समान किमान पातळी ठरवण्याचा प्रयत्न फिनलंडमध्ये १९८८ साली ‘संगणक चालक परवाना’ या नावाने झाला. त्यावरून १९९० च्या दशकात युरोपीय परवाना आणि पुढे आंतरराष्ट्रीय परवाना निघाला. युरोपीय आयोगाने २०१३ मध्ये डिजकॉम्प हा डिजिटल क्षमतांचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात ५ क्षेत्रे व २१ क्षमता असून २०१७ च्या आवृत्तीत प्रावीण्याच्या ८ पायऱ्या आल्या.

महाराष्ट्रात २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ (एमकेसीएल) स्थापन झाले आणि त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. शासकीय सेवेत संगणक अर्हता आवश्यक ठरली. मुदतीत ती न मिळवणाऱ्यांची वेतनवाढही रोखली गेली. लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माउसवर गेला तो या अभ्यासक्रमामुळे, ही कामगिरी लहान नाही. मात्र पुष्कळ कार्यालयांनी प्रमाणपत्र सेवापुस्तकात नोंदले आणि कौशल्याची विचारपूस तेथेच थांबवली. वीस वर्षांपूर्वीच्या प्रमाणपत्रावरून आजच्या कौशल्याचा अंदाज बांधता येत नाही.

मूल्यमापनाच्या प्रचलित पद्धतींत स्वयंमूल्यांकनाचा तक्ता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी भरवशाचा. कमी येणारे स्वतःला जास्त गुण देतात, आणि चांगले येणारे संकोचाने कमी. बहुपर्यायी चाचणी स्मरण तपासते, हातोटी नाही. खरे चित्र दिसते ते कर्मचाऱ्याच्याच टेबलाशी, त्याचेच काम त्याला करायला सांगून. कॅल्क्युलेटरवर बेरीज करून ती एक्सेलच्या चौकटीत टंकणारा, किंवा पत्रातले रकाने स्पेसबार दाबून जुळवणारा कर्मचारी लेखी चाचणीत सहज उत्तीर्ण होतो. मराठी कार्यालयांसाठी एक कसोटी विशेष उपयोगी आहे: युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला जुना आदेश हाती देऊन त्यातला मजकूर नव्या पत्रात वापरायला सांगावा. अक्षरांचा गोंधळ का होतो हे ओळखणारा आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर सरावलेला कोण, हे काही मिनिटांत कळते. मदतकक्षाकडे वारंवार येणाऱ्या तक्रारी आणि परत आलेली सदोष देयके यांचाही पुरावा म्हणून उपयोग होतो.

निरीक्षणातून दिसणारी प्रत्येक उणीव प्रशिक्षणाची नसते. सर्व्हर मंद असेल, स्कॅनर नसेल, एकाच पासवर्डवर चौघे काम करत असतील, तर वर्ग भरवून काही साधत नाही. तसेच मूल्यमापनाचा निकाल बदली वा शिक्षेशी जोडला की माणसे अडचणी लपवतात. निवृत्तीकडे झुकलेल्या ज्येष्ठ लिपिकाला कनिष्ठांसमोर चाचणीला बसवणे हा त्याच्या अनुभवाचा अवमान आहे; अशा वेळी शेजारी बसून त्याला एकट्याला शिकवणारा सहकारी अधिक उपयोगी पडतो.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगीत पदाची भूमिका, तिच्यातील कामे आणि त्यांना लागणाऱ्या क्षमता असा क्रम धरला असून आयगॉट या मंचावर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. दिशा योग्य आहे. परंतु पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची संख्या मोजणे म्हणजे कौशल्य मोजणे नव्हे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या फलिताचे प्रतिसाद, शिकणे, वर्तन आणि परिणाम असे चार स्तर मांडले. वर्ग संपताच भरून घेतलेला अभिप्राय फक्त पहिला स्तर सांगतो. तिसऱ्यासाठी काही महिन्यांनी पुन्हा त्याच टेबलाशी जाऊन तेच काम करवून पाहावे लागते.