खाटेपाशी शिकलेली पहिली तुकडी

मुंबईतील पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण ग्रँट मेडिकल कॉलेजपासून सुरू झाले, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे नाही. १८२६ साली डॉ. जॉन मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली ‘नेटिव्ह मेडिकल इन्स्टिट्यूशन’ निघाली होती आणि तिथले शिक्षण मराठी-गुजरातीतून चाले. १८३२ साली ती बंद पडली. आपल्या इतिहासलेखनाने तिला दोन-चार ओळींपलीकडे जागा दिलेली नाही.

पुढची घडामोड परिचित आहे. गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्ये दापोडीला वारले, त्यांच्या स्मरणार्थ निधी जमला, जमशेटजी जीजीभॉय यांनी इस्पितळासाठी मोठी देणगी दिली आणि १८४५ साली भायखळ्याला वर्ग भरू लागले. या वेळी माध्यम इंग्रजी होते. मला महत्त्वाची वाटते ती मात्र एक साधी गोष्ट: कॉलेज आणि इस्पितळ एकमेकांना लागून होते. पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड स्वतः जे. जे. इस्पितळात रुग्ण पाहत. विद्यार्थ्याने पुस्तकाइकेच खाटेपाशी शिकावे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांचा भारतातील रोगांवरचा द्विखंडी ग्रंथ १८५६ साली आला, तोही मुंबईच्या इस्पितळांतील रुग्णांच्या नोंदींवर उभा आहे. म्हणजे शिकवणे, उपचार आणि संशोधन ही तिन्ही कामे एकाच वॉर्डात चालली होती.

१८५१ साली पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. भाऊ दाजी लाड, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, जुझे कामिलो लिस्बोआ ही त्यांतली काही नावे. भाऊंनी शिलालेख आणि जुनी नाणी वाचली, आणि कडू कवठीच्या तेलाने महारोगावर उपचार करून पाहिले. आत्माराम पांडुरंग १८६७ साली प्रार्थना समाजाच्या स्थापनेत होते, तसेच १८८३ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ काढणाऱ्या आठ जणांतही. लिस्बोआ मुंबई इलाख्यातल्या गवतांचे जाणकार झाले.

आज वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ‘मानव्यविद्या’ शिकवाव्यात, अशी चर्चा चालते तेव्हा या तुकडीचा दाखला दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. कॉलेजात इतिहास किंवा साहित्य शिकवले जात नव्हते. भाऊंनी बालिकाहत्येवरचा बक्षीसपात्र निबंध १८४७ साली, म्हणजे पदवीच्या चार वर्षे आधी लिहिला. ही माणसे एल्फिन्स्टन संस्थेतून आली होती. आत्मारामपंतांच्या तर घरातच व्याकरणकार दादोबा होते! विद्यार्थी पहिल्या दिवशीच वाचनाची सवय घेऊन आला होता. कॉलेजने ती मोडली नाही, एवढे श्रेय मी त्याला देईन. थोडी मुले, शिकवणारा प्रत्यक्ष समोर, आणि संध्याकाळी शहरातल्या सभा. अभ्यासक्रमात एखादा तास वाढवून हे परत आणता येईल, असे मला वाटत नाही.

संशोधनाची परंपरा मात्र कॉलेजने स्वतः वाढवली. ‘ग्रेज ॲनाटमी’ची चित्रे काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ पासून इथे शरीरशास्त्र शिकवू लागले, भारतातल्या मदुरापादावर त्यांनी १८७४ साली ग्रंथ लिहिला. हाफकिन यांनी १८९६-९७ च्या प्लेगात लस तयार केली तीही याच कॉलेजातल्या प्रयोगशाळेत, आणि आधी स्वतःला टोचून घेतली.

राहतो भाषेचा प्रश्न, आणि तोच मला अस्वस्थ करतो. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे धडे आहेत. ज्या भाषेत एकेकाळी वैद्यकच शिकवले जात होते, ती आता रुग्णाशी बोलण्यापुरती शिकवायची! याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईतल्या औषधांची सूची छापली. पुस्तक इंग्रजी, पण असली सूची करायची तर बाजारात जाऊन गाठ पडणार ती गांध्याशी आणि झाडपाला विकणाऱ्यांशी. त्यांच्याशी इंग्रजी काय कामाची?