चार तारांचा हिशेब

मागच्या वर्षी नवरात्राच्या आधी अण्णांच्या मुलीचा फोन आला. 'काका, बाबांची बेस गिटार माळ्यावरून खाली काढलीय. आमच्या मुलाला शिकायचीय. दुकानदार म्हणतो, तारा मेल्यात, फेकून द्या आणि नवा सेट चढवा. चढवू का?'

मी म्हटले, 'फेकू नकोस. आधी मला बघू दे.'

अण्णा आमच्या वाद्यवृंदात बेस वाजवत. १९८६ ते १९९१ ही पाच वर्षे मी त्याच वाद्यवृंदात कोंगोवर बसत असे. ते गेल्यावर स्मरणिकेसाठी मी एक लेख लिहिला होता. त्यात म्हटले होते की, अण्णांनी तारा कधी बदलल्या नाहीत, कारण त्यांना तो जुना, गोलसर, मऊ स्वरच हवा होता. डेट्रॉइटच्या जेम्स जेमर्सनशी मी त्यांची तुलनाही केली होती. लेख लोकांना आवडला. पण मी लिहिले ते खरे होते का, हे मी तपासले नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ती राहून गेलेली तपासणी आहे.

गिटार घरी आणली, भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसलो आणि पहिल्या अर्ध्या तासातच माझ्या जुन्या लेखाला तडा गेला. चार तारांपैकी तीन तारांवरून नख फिरवले, तर ते काचेवरून घसरावे तसे घसरत गेले. चौथ्या, सर्वांत जाड तारेवर मात्र नख करकरले. तिच्या टोकाला लाल धाग्याचे वेष्टन होते. इतर तीन तारांना तसे नव्हते. म्हणजे या चार तारा एका सेटच्या नव्हत्याच. ज्या माणसाने 'तारा कधी बदलल्या नाहीत', त्याने निदान एक तरी बदलली होती, आणि तीही वेगळ्या जातीची.

या फरकाचा अर्थ कळण्यासाठी तारेच्या घडणीत थोडे शिरावे लागेल.

तंबोऱ्याच्या खर्जाची तार जोडाच्या तारांपेक्षा जाड आणि पितळेची असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही गाणाऱ्याला ठाऊक असते. असे का, हे गणितात मांडले फ्रेंच पाद्री मारँ मेर्सेन याने, १६३६ मध्ये. लांबी आणि ताण तेच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर तारेचे दर इंचाचे वजन चौपट करावे लागते. बेस गिटारच्या सर्वांत बारीक तारेची कंपने सेकंदाला सुमारे ९८, तर सर्वांत जाड तारेची सुमारे ४१. म्हणजे जाड तार साधारण साडेपाच पट जड हवी. आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या सेटच्या पाकिटावर ४५ ते १०५ असे आकडे असतात. ते इंचाच्या हजाराव्या भागांतले. १०५ ला ४५ ने भागून वर्ग केला, तर साडेपाचच्या जवळपासच उत्तर येते. जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीचा नियम त्या पाकिटावर निमूटपणे छापलेला आहे, हे प्रथम लक्षात आले तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

पण एकसंध तार एवढी जाड केली, तर ती कांबीसारखी ताठ होते आणि तिचा स्वर बेसूर लागतो. त्यावरचा उपाय म्हणजे आतला गाभा बारीक ठेवायचा आणि त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे गुंडाळायचे. वजन वाढते, लवचिकपणा टिकतो. तातेवर किंवा रेशमावर धातूचे वेढे दिलेल्या अशा तारांचा उल्लेख लंडनच्या जॉन प्लेफोर्डच्या १६६४ मधल्या पुस्तकात नवा शोध म्हणून आलेला आहे. आता वेढ्यांसाठी वापरायची तार गोल असेल, तर तारेवर खाचा राहतात. तिला म्हणतात राउंडवाउंड. वेढे चपट्या फितीचे असतील, तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो, ती फ्लॅटवाउंड. राउंडवाउंड तारेचा आवाज खणखणीत, उजळ. पण ती बोटांखाली करकरते, पडदे झिजवते, आणि खाचांत घाम व मळ साचून लवकर मरते. फ्लॅटवाउंडचा आवाज दबका, गोल. ती वर्षानुवर्षे टिकते. बेस गिटारसाठी तारा निवडताना प्रकार, धातू, जाडी, ताण असे बरेच प्रश्न येतात. पण पहिला आणि मोठा प्रश्न हाच.

लिओ फेंडरने कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा हा प्रश्न फारसा कुणाला पडत नव्हता. हे वाद्य हाती घेणारे बरेचसे लोक उभ्या, माणसाएवढ्या डबल बेसवरून आलेले. गुळगुळीत तार आणि गोल, घुमणारा आवाज हीच त्यांची बेसची कल्पना. लायनेल हॅम्प्टनच्या वाद्यवृंदातला मंक माँटगोमेरी हा सुरुवातीच्या वादकांपैकी एक. तोही डबल बेसवालाच.

जेम्स जेमर्सनही डबल बेसवरूनच आला. जन्म १९३६, साउथ कॅरोलायनातल्या एडिस्टो बेटावरचा. कुटुंब डेट्रॉइटला आले आणि १९५९ पासून तो मोटाउन कंपनीच्या स्टुडिओत वाजवू लागला. त्याची १९६२ ची प्रिसिजन बेस, तिच्यावर 'ला बेला' कंपनीच्या अतिजाड फ्लॅटवाउंड तारा: ५२ ते ११०. तारा पडद्यांपासून उंच, घोडीजवळ फोमचा तुकडा, आणि वाजवायला उजव्या हाताची एकच तर्जनी. तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे, ही गोष्ट बेस वाजवणाऱ्यांत दंतकथेसारखी सांगितली जाते. कोणी तिला आळस म्हणतो, कोणी अंधश्रद्धा.

मला वाटते, दोन्ही चूक आहे. स्टुडिओत त्याचा बेस अँप्लिफायरशिवाय थेट ध्वनिमुद्रणाच्या टेबलाला जोडलेला असे. गाणी तयार व्हायची ती मोटारीतल्या छोट्या रेडिओवर ऐकली जाण्यासाठी. डफ, टाळ्या, ब्रास आणि गायिकांचे आवाज वरची सगळी जागा व्यापून असत. खाली मोकळी होती तेवढीच जागा त्याला हवी होती. जुनी फ्लॅटवाउंड तार 'ठम्' म्हणते आणि मिटते. त्यामुळे त्याच्या त्या भराभर पळणाऱ्या, आडव्या तालाच्या ओळी एकमेकींत मिसळून चिखल होत नाही. नवी खणखणीत तार असती, तर तेच स्वर गाण्यावर चढून बसले असते. ही विचारपूर्वक केलेली निवड होती. दुसरी तार त्याच्या आवाक्यात होती, म्हणून तर तिला निवड म्हणायचे.

इंग्लंडमध्ये मात्र एका तरुणाला अगदी उलटे हवे होते. 'द हू' या बँडचा जॉन एंटविसल. गिटार आणि ड्रम यांच्या गदारोळात त्याला ऐकू यायचे होते. १९६५ च्या 'माय जनरेशन' या गाण्यात बेसचे एकट्याचे तुकडे आहेत. त्यासाठी त्याने डॅनइलेक्ट्रो कंपनीचा बेस घेतला, कारण त्यावर बारीक, खणखणीत तारा होत्या. त्या तारा तुटत, आणि लंडनमध्ये त्या सुट्या मिळत नसत. तेव्हा पठ्ठ्या तारेसाठी दर वेळी नवा बेसच विकत घेई! असे दोन-तीनदा झाल्यावर शेवटी गाणे ध्वनिमुद्रित झाले ते दुसऱ्याच बेसवर, फ्लॅटवाउंड तारांवर. ही हकिगत त्याने स्वतः पुढे मुलाखतींत सांगितली आहे.

पुढच्या वर्षी, १९६६ मध्ये, तो रोटोसाउंडच्या जेम्स हाउ यांच्याकडे गेला. हाउ हे अभियंते आणि हौशी वादक. 'द थर्ड मॅन' या चित्रपटातले झिथर ऐकून ते त्या वाद्याच्या नादी लागले, तारा मिळेनात म्हणून तारा गुंडाळण्याचे यंत्रच त्यांनी बनवले, आणि त्यातून धंदा उभा राहिला. एंटविसलची तक्रार अशी की, बारीक तारा ठीक वाजतात. जाड तारा मात्र त्यांच्याशी जुळत नाहीत, मुक्या राहतात. कारखान्यात बसून, वेढे बदलून बदलून, ऐकून ऐकून त्या जमवल्या गेल्या. त्यातून निघालेल्या 'स्विंग बेस ६६' या राउंडवाउंड तारा आजही विकल्या जातात. त्यांच्या टोकांना लाल धागा असतो.

अण्णांच्या जाड तारेचा लाल धागा पाहून मला प्रथम याच तारेची आठवण झाली. नुसत्या धाग्यावरून कंपनी ठरवणे धाडसाचे आहे, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही.

बेसचा इतिहास बहुधा असा सांगतात: आधी मंद तारा होत्या, मग उजळ तारा आल्या आणि वाद्य मोकळे झाले. हे चित्र अपुरे आहे. १९७६ मध्ये जॅको पास्टोरियसने बिनपडद्यांच्या बेसवर राउंडवाउंड तारा लावून वाद्याला गाता गळा दिला. पण त्या तारा लाकूड खातात म्हणून त्याला पट्टीवर होड्यांना लावतात तसल्या इपॉक्सीचा थर चढवावा लागला. उलट 'आयर्न मेडन'सारख्या कर्कश म्हणवणाऱ्या बँडचा स्टीव्ह हॅरिस आजही फ्लॅटवाउंडच वापरतो. जुनी आणि नवी असा हा क्रम नाहीच. समोर दोन्ही तारा असतील, तर वादक आपल्या वादनाला हवी ती उचलतो. प्रश्न आहे तो दोन्ही कुणापुढे होत्या, हा.

इथे मला सांगलीकडे यावे लागते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ यांचा बेस होता. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' या २००८ च्या पुस्तकामुळे स्टुडिओतल्या अशा अनेक वादकांची ओळख आपल्याला झाली. तबकडीच्या वेष्टनावर त्यांची नावे सहसा नसत. मोटाउनच्या वादकांचीही हीच गत होती. त्यांची नावे १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर छापली गेली, तेव्हा जेमर्सनची उमेदीची वर्षे मागे पडली होती. बर्मन यांच्या गाण्यांतले ते बेस आम्ही गणेशोत्सवाच्या मांडवात जसेच्या तसे उभे करायला बघत असू. अण्णा कॅसेट पुढे-मागे करून ते कानाने उतरवून घेत. पण तार तुटली की काय?

सांगलीत बेसची तार मिळत नसे. मुंबईत धोबी तलावाला कुणी जाणार असेल, तर त्याला सांगायचे. आखातात कुणाचा नातेवाईक असेल, तर चिठ्ठी पाठवायची. एकदा तर आम्ही मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून खर्जाची पितळी तार आणून अण्णांच्या गिटारवर चढवली. खुंटी पिळली, तार लागली, लाकडाला कान लावला तर ऐकूही येत होती. पण स्पीकरमधून चकार शब्द नाही. बेसचा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेटोळे. पोलाद किंवा निकेल हलले, तरच त्याला कळते. पितळ त्याला दिसतच नाही. हे शास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या दिवशी अण्णा एवढेच म्हणाले, 'तंबोऱ्याची तार आहे बाबा, ती कशाला डिस्कोत बोलेल?'

गिटारच्या खोक्यात अण्णांची कार्यक्रमांची वही होती. तारीख, गाव, बिदागी, खर्च. १९८८ च्या गणेशोत्सवातल्या एका पानावर त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले आहे: 'मोठी तार तुटली. पुढचे तिघींवर.' त्यानंतरच्या अकरा कार्यक्रमांपुढे नुसता '३' हा आकडा. जानेवारीत एक ओळ: 'तार आली. जात वेगळी. चालवून घेणे.'

अकरा कार्यक्रम अण्णा तीन तारांवर वाजवत होते, आणि दोन हातांवर कोंगो घेऊन बसलेल्या मला ते कळले नव्हते. जाड तारेवरचे स्वर त्यांनी वरच्या सप्तकात फिरवले असणार. नवी तार आली ती उजळ, करकरणारी. ती इतर तिघींत वेगळी ऐकू येऊ नये म्हणून ते तळहाताची कड तिच्यावर टेकवून वाजवत असावेत. त्यांचा उजवा हात नेहमी घोडीपाशी असायचा, एवढे मला नक्की आठवते. स्मरणिकेत मी त्यालाच 'त्यांची खास शैली' म्हटले होते.

माझी चूक साधी होती. जेमर्सनपुढे दोन्ही तारा होत्या, त्याने एक ठेवली. एंटविसलपुढे हवी ती तार नव्हती, त्याने ती करवून घेतली. अण्णांपुढे जे आले, ते त्यांनी चालवून घेतले. मी त्या चालवून घेण्याला आवड म्हटले आणि त्यामागचे सगळे कष्ट पुसून टाकले. साधने जिथे दुर्मीळ होती, तिथल्या कलावंतांबद्दल लिहिताना आपण हे वारंवार करतो. गौरव करतो आणि त्याच वाक्यात त्यांची अडचण गाडून टाकतो.

तारा मी उतरवल्या. चौघींची जाडी लिहून वेगवेगळ्या पाकिटांत ठेवल्या आणि वहीबरोबर अण्णांच्या मुलीकडे दिल्या. मग नातवाला समोर बसवले. ओळखीच्या दोघांकडून दोन बेस मागून आणले होते, एकावर फ्लॅटवाउंड, एकावर राउंडवाउंड. त्याला सांगितले, जाडीचा फार विचार आत्ता करू नकोस, ४५ ते १०५ चा नेहमीचा सेट घे; फक्त या दोहोंतले कोणते ते कानाने ठरव. त्याने तासभर दोन्ही वाजवले. मी मनातून फ्लॅटवाउंडच्या बाजूचा होतो, बोललो नाही.

त्याने राउंडवाउंड घेतल्या. मी कारण विचारले, तर म्हणाला, 'आजोबा, यात मी काय वाजवतोय ते मला ऐकू येतं.'

चार दिवसांत कुरियरने सेट घरपोच आला.