काशिनाथ कुठं गेला?

शहरातल्या बिघडलेल्या पोरांच्या दोस्तीची गोष्ट मराठीत कुणी लिहिली, असं परवा एका पोरानं मला विचारलं. नागसेनवनातला पोरगा, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा. मी सवयीनं भाऊ पाध्यांचं नाव सांगितलं, आणि घरी येऊन अस्वस्थ झालो. कारण आपल्या बाजूनं सांगायला माझ्याकडं पटकन नाव नव्हतं.

'वासूनाका' १९६५ ची. मुंबईतल्या चाळीची, नाक्यावर बसणारी, पोरींच्या मागं लागणारी पोरं. गोष्ट सांगतो पोक्या. पाध्ये कामगार चळवळीतून आलेला माणूस. त्यानं पोरांची भाषा जशीच्या तशी उचलली. आचार्य अत्र्यांनी अश्लील म्हणून झोड उठवली. पांढरपेशांना वाटलं, आपल्या चाळीतली पोरं अशी नसतात. होती की! पण मी ती वाचली तेव्हा मला वेगळंच खुपलं. ही पोरं एकमेकांना धरून असतात ती वेळ मारून न्यायला. त्यांची दोस्ती कुठंच जात नाही. आणि त्यांच्या हातून ज्या पोरींचं वाटोळं होतं, त्यांना तर नाकासुद्धा नाही.

आमच्या गावातही नाके होते. भडकल गेट होतं, क्रांती चौक होता, आमच्या भीमनगरातली पाराची जागा होती. आम्ही दोघं तिथं बसायचो. तो नववीतून शाळा सुटलेला, मी कॉलेजात. तो गॅरेजात रिक्षा दुरुस्त करायचा, मी पुस्तकं आणायचो. 'वासूनाका' मी त्याला रात्री पारावर वाचून दाखवली. मधूनच त्यानं विचारलं, "ह्यांच्या घरात कुणी कामाला जात न्हाई का?" समीक्षकांनी पानंच्या पानं लिहिली, पण हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही.

त्याच्याही दोन वर्षं आधी, १९६३ ला, बाबूराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' आला होता. बागूल नाशिककडून मुंबईत आले, माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. शहरातलं पोरगं म्हणजे काय ते त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या शीर्षकाच्या कथेत उधन्याला रेल्वेत नोकरीला लागलेला एक तरुण जात लपवतो. कविता करतो, गोड बोलतो, सवर्ण दोस्त जोडतो. तिथंच मुंबईहून आलेला काशिनाथ आहे. तो जात लपवत नाही. डोक्यानं गरम, जवळ चाकू बाळगणारा. शिकल्यासवरल्याला लाज वाटावी असा. मग जात उघडी पडते. कालपर्यंत जीव लावणारेच मारायला उठतात आणि वाचवायला धावतो तो काशिनाथ.

ही कथा आपण जातीची कथा म्हणून वाचतो. बरोबरच आहे. पण ती दोस्तीचीही कथा आहे. बागुलांनी तिथं दोन दोस्त्या शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. एक कवितेवर जमलेली आणि जातीवर फुटलेली, दुसरी न बोलता शेवटी उभी राहिलेली. आपल्या लिखाणानं पुढं कवीचा हात धरला. काशिनाथ मागं राहिला.

आता इतिहास बघा. १९७२ च्या मे महिन्यात मुंबईत नामदेव ढसाळ आणि ज. वि. पवार रस्त्यानं चालत बोलत होते, आणि त्या बोलण्यातून दलित पँथर निघाली. ठराव नाही, अध्यक्ष नाही, सतरंजी नाही. ढसाळ गोलपिठ्याच्या ढोर चाळीत वाढलेला, टॅक्सी चालवलेला. पँथरच्या छावण्या झाल्या त्या वस्त्यांमधल्या नाक्यावरच. म्हणजे पाध्यांच्या पोरांनी जिथं वेळ घालवला, तसल्याच ठिकाणी आपल्या पोरांनी संघटना घातली. ज्यांचं नाव घेतलं त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचंही तसंच. ओकलंडच्या मेरिट कॉलेजात भेटलेले ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील हे दोन दोस्त, साल १९६६.

आणि त्याच अमेरिकेत १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या शाळकरी मुलीनं बिघडलेल्या पोरांच्या दोस्तीवर कादंबरी लिहिली, 'द आउटसायडर्स'. पुस्तक आलं तेव्हा ती अठरा वर्षांची. मी ती फार उशिरा वाचली. गाव ओक्लाहोमातलं टल्सा. गरीब पोरं एकीकडं, मोटारवाल्यांची दुसरीकडं, आणि गरीब पोरं एकमेकांसाठी जीव टाकतात. डोळ्यात पाणी आलं, खोटं कशाला बोलू. पण ह्याच टल्सात १९२१ ला गोऱ्यांच्या जमावानं काळ्यांची ग्रीनवुड वस्ती जाळून बेचिराख केली होती. कादंबरीत त्याची राखसुद्धा उडत नाही. वर्ग दिसला, वर्ण दिसला नाही. आपल्याकडं असे डोळे काय कमी आहेत?

पँथरमधली दोस्ती १९७४ ला फुटली. मार्क्स की बाबासाहेब, यावर फुटली असं आपण शिकवतो. माणसांवरही फुटली, हे शिकवत नाही. १९७७ च्या मार्चमध्ये राजा ढाले आणि ज. वि. पवारांनी बरखास्ती जाहीर केली. गंगाधर गाडे, अरुण कांबळे, रामदास आठवले यांनी पुढं भारतीय दलित पँथर उभी केली, आणि मराठवाड्यात नामांतराचा झेंडा धरणाऱ्यांत गाडे पुढं होते.

२७ जुलै १९७८. विधिमंडळानं विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यातून जीव घेऊन माणसं शहरात आली. त्या आठवड्यात मी घरात पत्रकाचा मजकूर लिहीत होतो. तो एका दुरुस्तीला आलेल्या रिक्षातून रात्री माणसं आणत होता. रिक्षा कुणाची होती हे मालकाला अजून माहीत नसावं. पुढं सत्याग्रहात तो दोनदा आत गेला, मी एकदा. माझ्या एकदाचं मी चार ठिकाणी लिहिलं आहे.

त्याच १९७८ ला दया पवारांचं 'बलुतं' आलं. दुसऱ्या वर्षी आपल्या मिलिंदमधल्या प्र. ई. सोनकांबळ्यांचं 'आठवणींचे पक्षी'. मोठी पुस्तकं आहेत, त्यांच्यावर मी वाढलो. पण 'बलुतं' मांडलंय कसं ते बघा. दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. एकाच माणसाचे दोन तुकडे! मन मोकळं करायला लेखकाला दोस्त सापडला तो स्वतःच्याच आत. शिकलेला आपल्याच न शिकलेल्या अर्ध्याशी बोलतो. हे मला फार खरं वाटतं, आणि म्हणूनच बोचतं. कारण तो न शिकलेला अर्धा नुसता आत नव्हता, बाहेरही होता. गॅरेजात होता.

आत्मकथनात दोस्त येतो, नाही असं नाही. पण शाळा सुटते त्या वळणावर तो गाडीतून उतरतो, आणि गाडी पुढं जाते. बाबासाहेबांनी १९५० ला या गावात मिलिंद कॉलेज काढलं ते पोरं पुढं जावीत म्हणूनच. पुढं गेलेल्यांनी लिहिलं, त्यात गैर काही नाही. गैर हे, की मागं राहिलेल्याच्या खांद्यावर पाय होता हे आपण लिहिताना विसरलो. आपली कादंबरी इथंच अडकली आहे असं माझं मत आहे. 'मी'ला आत्मकथन पुरतं. दोघांना कादंबरी लागते.

१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षं लागली. दर वर्षी त्या दिवशी विद्यापीठाच्या गेटवर आम्ही भेटतो. यंदा हा लेख मी त्याला गेटसमोरच्या फुटपाथवर वाचून दाखवला, जुन्या सवयीनं. त्याला आता कमी दिसतं. बागुलांची गोष्ट त्याला आठवत होती. म्हणाला, "काशिनाथाचं पुढं काय झालं?"

म्हटलं, "गोष्ट तिथंच संपते."

"संपत न्हाई. लिवलं न्हाई म्हन."

मग त्यानं माझी एक चूक काढली. मी आधी लिहिलं होतं की नामांतराची पत्रकं मी सायक्लोस्टाईलवर काढायचो आणि तो शाई लावायचा. तो म्हणाला, "दांडा मी फिरवायचो. तू शाई सांडायचास. आनि कागद कापडाच्या दुकानातून उधार आणायची ती तुझी बहीन. तिचं नाव कुठंय?"

ते वाक्य मी खोडलं. बहिणीला फोन केला. ती म्हणाली, कागद नाही, स्टेन्सिलसुद्धा तीच कापायची.